झोपेत जाणारं घराणं

१२ ऑगस्ट, सकाळ

खताच्या कंपनीने जानेवारीत दिलेली डायरी आज उघडली. आतापर्यंतची सगळी पानं कोरी. हरकत नाही. शेतकऱ्याला काय आणि मला काय, सुरुवात महत्त्वाची.

विषय: माझ्या झोपेचं शास्त्रीय निरीक्षण.

राखीसाठी मोनाली धुळ्याहून आली होती. आज निघायच्या आधी चहा घेताना पोरीने मोबाइल काढला आणि सगळ्यांसमोर एक रेकॉर्डिंग लावलं. म्हणे, पप्पा, हे तुम्ही. केळीचा भरलेला ट्रक चढावर लो गिअरमध्ये चालावा तसा आवाज. मी म्हटलं, हा मी नव्हेच. मोहिनी म्हणाली, मग माझ्या शेजारी रोज कोण झोपतं ते तरी कळू द्या. आमचा पोरगा ललित हसून हसून खाली बसला.

मग आवाज थांबला. मोनाली म्हणाली, आता ऐका. काहीच ऐकू येईना. कपबशा हातात धरून सगळे तसेच बसलेले. भिंतीवरची पाल चुकचुकली. खूप वेळाने बोअरच्या पाइपातून पहिला हबका यावा तसं काहीतरी आलं आणि ट्रक पुन्हा चालू.

मधल्या वेळात मी कुठे होतो, असं मनात आलं. लगेच काढून टाकलं. मी घाबरलेलो नाही. मोबाइल स्वस्तातला आहे.

१३ ऑगस्ट

झोप बिघडायचं खरं कारण सापडलं. अक्का.

अक्का म्हणजे माझी आई धुरपदाबाई. तिची खाट मधल्या खोलीत, आमच्या दाराला लागून. दार लावायचं नाही, हा तिचा हुकूम, माझे वडील आबा गेल्यापासूनचा. मला जरा गाढ झोप लागते न लागते तोच हाक येते, "अभिमन, किती वाजले?" मी सांगतो. पुन्हा डोळा लागला की पुन्हा तेच. या वयात हिला कोणती गाडी पकडायची आहे, देव जाणे.

संकल्प: आमच्या खोलीतलं रेडियमच्या काट्यांचं घड्याळ अक्काच्या खाटेसमोर लावणे.

१४ ऑगस्ट

लावलं. तरी रात्री हाक आलीच. म्हटलं, समोर बघ. म्हणे, "मले दिसत नाही बाप्पा."

दुपारी मात्र ओट्यावर बसून तिने गल्लीच्या टोकाला कोणाची सून चालली आणि तिच्या पिशवीत काय आहे ते बरोबर सांगितलं.

१७ ऑगस्ट

आता वेळेच्या जोडीला पाणी सुरू केलंय. "अभिमन, पानी दे रे." काल रात्री तिच्या उशाशी भरलेला तांब्या ठेवला. तरी दोनदा हाक. सकाळी पाहिलं तर तांब्या काठोकाठ. दिलेलं पाणीही फुलपात्रात तसंच. म्हातारपण वाईट.

मोहिनीला काही ऐकू येत नाही. तिची झोप दांडगी.

२० ऑगस्ट

अन्वरभाईंकडे गेलो. जळगावात माझं कृषी केंद्र आणि त्यांचं गादीचं दुकान एकाच गल्लीत. उंच, टणक उशी बनवा म्हटलं, मान सरळ राहील अशी. त्यांनी माप घेतलं. मग सहज म्हणाले, "भाऊ, मसला उशीचा नाही, गळ्याचा हाय." विचारलं, तुम्हाला काय माहीत? तर म्हणे भाभी दर महिन्याला थोडी रुई घेऊन जातात कानांसाठी, किती वर्षं झाली.

मोहिनीच्या दांडग्या झोपेचं रहस्य हे असं. लग्नाच्या बायकोने कानात कापूस घालावा आणि ते गल्लीभर माहीत असावं. अबोला धरायचा ठरवलं. संध्याकाळी कळण्याची भाकरी आणि ठेचा होता, त्यामुळे उद्यापासून.

२३ ऑगस्ट, धुळे

मोनालीने इथल्या डॉक्टरांची वेळ घेतली. जळगावात दाखवलं असतं, पण तिथल्या दवाखान्यात आमच्या गावचं, असोद्याचं, एक तरी माणूस बसलेलं असतं आणि ते आपल्या आधी गावात पोचतं.

बसमध्ये जरा डोळा लागला. पारोळ्याला जाग आली तेव्हा शेजारची सीट रिकामी, आणि लोक उभे. खान्देशात वयाचा मान अजून राखला जातो. मागच्या सीटवरची बाई मात्र म्हणाली, "भाऊ, बठ्ठी गाडी जागी शे, तुम्ही एकलाच निवांत शेतस." सगळी गाडी जागी आणि मी एकटाच निवांत, हे ऐकून बरं वाटलं.

डॉक्टर म्हणजे आमच्या मोनालीएवढी मुलगी. वजन, बीपी, गळ्याचं माप, सगळं लिहून घेतलं. दिवसा झोप येते का? म्हटलं, येते, पण मी येऊ देत नाही. मग विचारलं, वडील कशाने गेले?

हा प्रश्न मला आवडतो. मी नीट सावरून बसलो आणि सांगितलं. आमचे आबा, जीवरामआबा, अठ्ठावन्नाव्या वर्षी झोपेत गेले. ना दुखणं, ना खुपणं, ना कोणाला उठबस. रात्री भरीत-पुरी खाऊन झोपले, सकाळी नाहीत. आजोबाही तसेच, झोपेत. चुलतआजोबा दुपारच्या झोपेत. असोद्यात आजही म्हणतात, पुण्यवान घराणं, असं मरण मागून मिळत नाही.

मुलीने पेन खाली ठेवलं. म्हणाली, काका, हे सगळे घोरायचे का?

मी अभिमानाने म्हटलं, आबांचं घोरणं मारुतीच्या देवळापर्यंत जायचं.

मग तिने कागदावर गळा काढून समजावलं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते, वाट अरुंद होते. हवा घासत जाते तो आवाज. सगळ्याच घोरणाऱ्यांचं नाही, पण काहींची वाट मधूनमधून पूर्ण बंद होते. श्वास थांबतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागं करतो. रात्रभर हेच. हृदयावर ताण, बीपी वर, दिवसा झापड. एक रात्र तारा लावून झोपायची टेस्ट करावी लागेल.

मी विचारलं, यात माणूस जातो का?

ती म्हणाली, काका, यावर चांगला उपाय आहे.

मी काय विचारलं आणि तिने काय सांगितलं, हे परतीच्या बसमध्ये ताडून पाहिलं. मला येत्या माघात अठ्ठावन्न पूर्ण होतात.

परतताना झोप आली नाही. पूर्ण वेळ उभा राहिलो.

२५ ऑगस्ट

दोन दिवस खुर्चीत बसून झोपलो. मान गेली. अन्वरभाईंची उशी पाठीला.

आता नीट विचार केला आहे. एक तर डॉक्टरबाई खरी, नाहीतर गाव खरं. टेस्टचं हंगाम संपल्यावर बघू, सध्या फवारणीचे दिवस आहेत, दुकान सोडता येत नाही. पण गाव खरं असेल तर? पुण्यवान माणूस झोपेत जातो. माझं आयुष्य पाहता पुण्य बरंच साठलेलं असणार. व्यसन नाही, वारकरी मंडळींना चहा, देवळाच्या कळसाला वर्गणी. म्हणजे धोका मोठा.

उपाय सरळ आहे. पुण्य कमी करणे. फार नाही, झोपेत जाण्याच्या पातळीखाली येईल इतकंच. नंतर म्हातारपणी पुन्हा भरून काढू.

मोहिनीला यातलं काही सांगितलेलं नाही.

२८ ऑगस्ट

पाप पहिलं. गावातल्या हिलालच्या मळ्यातून, त्याला न विचारता, केळीचा एक घड कापला. भर दुपारी, इकडेतिकडे बघत. कापून खांद्यावर घेतो तोच हिलाल समोर. मी काही बोलायच्या आत त्याने हात जोडले. म्हणे, भाऊ, बरं झालं तुम्ही कापला, झाडावरच पिकायला लागला होता, याच्या भाराने खोड वाकून शेजारचं झाडही मोडलं असतं, आणि इथे मजूर मिळेना. वर त्याने घड घरी पोचवला आणि सोबत दुसरा दिला.

दोन्ही घड मोहिनीने शाळेत वाटले. माझ्या नावाने.

३ सप्टेंबर, एकादशी

ऑम्लेट खायचं ठरवून दुकानातून निघालो. जन्मात अंडं खाल्लेलं नाही. एकादशी मुद्दाम निवडली. स्टेशनकडच्या गाडीवर गेलो तर गाडीवाला म्हणाला, शेठ, आज अंडा बंद, आज साबुदाणा. लोक रांगेत. परत फिरायला लाज वाटली. खिचडी घेतली. उपास कडकडीत घडला.

५ सप्टेंबर

भजनी मंडळात अपमान केला. आमच्या गल्लीतल्या सुनंदाबाईंचे यजमान, ज्यांना सगळे नाना म्हणतात, ते दर शुक्रवारी वरच्या पट्टीत गौळण सुरू करतात आणि मग पट्टी आणि गौळण वेगवेगळ्या वाटेने घरी जातात. मी सगळ्यांसमोर म्हटलं, नाना, तुमचं वय झालं, आता टाळ धरा. वयाने मोठ्या माणसाला. भर देवळात.

नाना उठून गेले. मी मनात म्हटलं, लागलं पाप.

रात्री सुनंदाबाई स्वतः डबा घेऊन घरी. डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, भाऊ, यांना दम लागतो गाताना, डॉक्टरांनी ओरडायला मना केलेलं, पण सांगणार कोण? तुम्ही पुण्याचं काम केलंत.

तो शब्द ऐकताच मी डबा न उघडता मोहिनीकडे दिला.

१० सप्टेंबर

भजनी मंडळाने मला अध्यक्ष केलं. एकमताने.

झोप नाही. झोपायला भीती वाटते हे इथे लिहायला हरकत नाही, ही डायरी कोणी वाचत नाही. डोळे मिटले की तो मधला शांत भाग आठवतो. थोडा डोळा लागलाच तर अक्का आहेच. काल रात्रीत किती वेळा वेळ विचारली याचा हिशेब नाही. रागाने ओरडलो, काय करायची तुला वेळ? मग हळूच, "पानी दे."

१२ सप्टेंबर

दुपारी जेवायला घरी येत होतो. असोद्याच्या अलीकडे मोटारसायकल स्वतःहून कपाशीत गेली.

डोळे उघडले तेव्हा तोंडासमोर पिवळं फूल. हँडल वाकलेलं, मी शाबूत, कोपर सोललं. उठतोय तेवढ्यात रस्त्यावरून पाण्याचा टँकर गेला, मी जिथे असायला हवं होतं त्याच बाजूने. बराच वेळ बांधावर बसून राहिलो.

घरी सांगितलं, कुत्रं आडवं आलं.

कुत्रं नव्हतं.

१४ सप्टेंबर

आज आबांचे पितर. भाऊबंद, शेजारी, भजनी मंडळ. गच्चीवर पान ठेवलं तर कावळा तयारच. सगळे म्हणाले, बघा, आबा पुण्यवान, कावळाही थांबत नाही. पंगतीत पुन्हा तेच. झोपेत गेले. हूं नाही की चूं नाही. असं मरण नशिबात लागतं. कोणीतरी माझ्याकडे बघून हसत म्हणालं, अध्यक्ष पण त्याच वाटेने जाणार.

मला काय झालं कळलं नाही. वाटी खाली ठेवून म्हटलं, पुण्यबिण्य काही नव्हतं. त्यांचा श्वास बंद पडला. धुळ्याच्या डॉक्टरने सांगितलंय. घोरणं थांबलं आणि ते गेले, शेजारी कोणी जागं असतं तर वाचले असते.

मोहिनीच्या हातात भज्यांची परात तशीच. आणि अक्का, भिंतीला टेकून बसलेली, उठली आणि आत गेली. पान वाढलेलं होतं, तिने हात लावला नाही.

१५ सप्टेंबर

मोहिनीने सकाळी चहा माझ्यासमोर आपटून ठेवला आणि म्हणाली, जा, आईंशी बोला.

अक्का ओट्यावर उडीद निवडत होती. मी बाजूला बसलो. बराच वेळ ती खडे काढत राहिली. मग माझ्याकडे न बघता बोलली. ती जसं बोलली तसं लिहितो.

"मी जागी व्हती रे. तुहा बाप घोरत व्हता, मले झोप येईना. मंग त्याचं घोरनं थांबलं. मले वाटलं, चला, लागला बाप्पा डोया याचा. मी बी कूस बदलली अन् निजली. सकायी पाह्यलं तं थंडा. लोकं म्हने पुन्यवान, मी बी म्हटलं पुन्यवान. काय सांगू लोकायले, का मले बरं वाटलं व्हतं थांबलं तव्हा?"

मीही उडदातला एक खडा काढला.

मग ती म्हणाली, "तुहं बी सुरू झालं तव्हापासून मी निजत नाही. थांबलं की हाक मारते. तू वेय सांगते, मंग मले समजते का हाय तू."

घड्याळ. तांब्या. उघडं दार. सगळं माझ्यासमोर टांगलेलं, भरलेलं, उघडं होतं आणि मी त्याला म्हातारपण म्हणत होतो. ही बाई माझ्यासाठी वर्षानुवर्षं जागत बसली आणि मी तिच्यावर ओरडलो. मला रडू आलं. अक्का म्हणाली, उडदात पाणी पाडू नको.

मोनालीला फोन केला. म्हटलं, टेस्टची तारीख घे.

२० सप्टेंबर, धुळे

टेस्ट झाली. म्हणजे झाली नाही.

डोक्याला, छातीला, बोटाला तारा. नाकाखाली नळी. मशीनवर बसणारा दानिश नावाचा मुलगा, अत्यंत सभ्य. अक्का हट्टाने सोबत आलेली. तिला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. सकाळी दानिश डोकं खाजवत डॉक्टरबाईंना म्हणाला, मॅडम, पेशंटचा श्वास थांबायला लागला की बाहेरून एक आवाज येतो, "अभिमन, किती वाजले?" पेशंट झोपेतच वेळ सांगतो, तीही चुकीची, आणि ग्राफ पुन्हा ठीक. रात्रभर हेच. रिपोर्ट काढता येत नाही.

डॉक्टरबाई बाहेर जाऊन अक्काजवळ बसल्या. काय बोलल्या माहीत नाही, पण बराच वेळ तिचा हात धरून होत्या. आज रात्री पुन्हा. अक्काला मोनाली आणि जावई किरणराव घरी घेऊन गेले आहेत. जाताना तिने दानिशला जवळ बोलावून काम नीट समजावलं.

दारं बंद. पलीकडे कोणी नाही. मी घाबरलो आहे.

२१ सप्टेंबर

रिपोर्ट आला. आकडे लिहीत नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, काका, एवढी वर्षं तुम्हाला नशिबाने नाही, आजींनी सांभाळलंय. मशीन लावायचं, रोज, कायम. वजन उतरवायचं. कुशीवर झोपायचं. मोटारसायकल सध्या बंद.

दानिशने हळूच सांगितलं की दोनदा त्यानेही हाक मारली. आजींनी शपथ घातली होती.

८ ऑक्टोबर

मशीन घरी आलं. नाकावर मास्क, त्याला नळी, नळीला डबा. डबा हवा ढकलतो, म्हणजे गळ्याची वाट मिटत नाही. मी आरशात पाहिलं. लढाऊ विमानाचा पायलट. मोहिनी म्हणाली, फवारणीवाला. आणि शेतकऱ्यांना मास्क घाला म्हणून मीच दुकानात सांगतो, तेव्हा कोणी घालत नाही, याचीही तिने आठवण करून दिली.

संकल्प: नव्वदीपर्यंत जगणे. पुण्य साठवायला आता हरकत नाही. अध्यक्षपद चालू ठेवतो.

९ ऑक्टोबर

अशी झोप कधी लागल्याचं आठवत नाही. विहिरीत दगड पडावा तसा झोपलो. उजाडताना डोळे उघडले तर अक्का उशाशी उभी, हात माझ्या छातीवर. रात्रभर तशीच होती. आवाजच नाही म्हटल्यावर तिला वाटलं, थांबलंय ते सुरूच होत नाहीये.

सगळ्या खर्चाचा उपयोग असा की मी झोपलो आणि ती उभी राहिली.

१० ऑक्टोबर

मोहिनीने मार्ग काढला. अक्काचा तळवा धरून मास्कच्या छिद्रासमोर नेला. हवा लागली. अक्काने पुन्हा पुन्हा हात पुढे-मागे करून पाहिलं, म्हणाली, "चालू हाय." मग मशीनचा हिरवा दिवा दाराकडे फिरवला, तिला खाटेवरून दिसेल असा. ही युक्ती मला आधीच सुचली होती, बोलायचं राहून गेलं. मोहिनीने कानातला कापूस काढून टाकला.

१३ ऑक्टोबर

अक्का झोपली.

आणि घोरली. मारुतीच्या देवळापर्यंत जाईल असं. एवढ्या वर्षांची उरलेली झोप एकदम काढत असावी. मोहिनी उठली, कापूस शोधला, सापडला, झोपली. मी मास्क लावून अंधारात पडून ऐकत होतो. मस्त वाटत होतं. म्हटलं, घोर बाई, घोर.

मग ते थांबलं.

मी मास्क खाली ओढला. काही नाही. कान देऊन ऐकलं. काही नाही. सगळ्यांचं असं नसतं, डॉक्टरबाईंनी सांगितलंय, हे मला माहीत आहे. उद्या तिची वेळ घेऊ हेही ठरवलं. तरी राहवलं नाही.

म्हटलं, "अक्का, किती वाजले?"

खाट करकरली. झोपेतल्या आवाजात, जराही न अडखळता, म्हणाली, "पावनेतीन. नीज आता."

म्हणजे घड्याळ तिला पहिल्यापासून दिसत होतं.

थोड्या वेळाने पुन्हा घोरायला लागली, पुन्हा थांबली. वेळ तरी किती वेळा विचारणार. मी पाणी मागितलं.